स्वतंत्र पॉडकास्टचा श्रोतृवर्ग

बोलणारा आणि ऐकणारा अशी दोन माणसे असल्याखेरीज वाणीला अर्थ येत नाही. लिहिणाऱ्याला निदान एवढे तरी समाधान असते, की आज नाही तर पन्नास वर्षांनी कोणीतरी आपले पुस्तक उघडील. बोलणाऱ्याला श्रोता लागतो तो तिथल्या तिथे. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी तिचा कित्ता गिरविला. या व्याख्यानमालांनी वक्ते घडविले, हे आपण नेहमी सांगतो. पण त्यांनी श्रोते घडविले, हे त्यांचे अधिक मोठे काम होय. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जाऊन तासभर दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावयाचे, ही सवय आपोआप लागत नाही. ती लावावी लागते.

आज बोलण्याची साधने कोणाच्याही हाती आली आहेत. खिशातल्या फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि घटकाभरात ते मिरजेपासून मॉरिशसपर्यंत कोणालाही ऐकता यावे, इतके हे काम सोपे झाले आहे. एका विषयावर भागाभागाने चालणाऱ्या अशा श्राव्य कार्यक्रमाला पॉडकास्ट म्हणतात, आणि कोणत्याही मोठ्या कंपनीच्या किंवा प्रसारण संस्थेच्या आश्रयाविना तो चालत असेल, तर त्याला स्वतंत्र पॉडकास्ट म्हणावयाचे. असे कार्यक्रम उत्साहाने सुरू होतात आणि त्यांतले पुष्कळसे थोड्याच भागांनंतर बंद पडतात. सांगण्यासारखे संपले म्हणून ते बंद पडतात असे क्वचितच घडते. बहुधा कर्त्याची समजूत होते, की आपले कोणी ऐकतच नाही. ही समजूत कितपत खरी असते, आणि ऐकणारे खरोखर मिळतात व टिकतात ते कशामुळे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पॉडकास्टची घडण

पॉडकास्टची कुळकथा फार जुनी नाही. इंटरनेटवरील एखाद्या स्थळी नवे लिखाण आले, की त्याची वर्दी वाचकाला आपोआप पोहोचावी म्हणून आर.एस.एस. नावाची एक यादी प्रचारात होती. अमेरिकेतील डेव्ह वाइनर यांनी २००० सालच्या अखेरीस या यादीत ध्वनिमुद्रणाचा पत्ताही जोडता येईल अशी सोय केली. २००३ साली क्रिस्टोफर लायडन या पत्रकाराने घेतलेल्या मुलाखती या मार्गाने श्रोत्यांकडे गेल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन' या इंग्रजी वृत्तपत्रात बेन हॅमर्स्ली यांनी या नव्या प्रकाराला काय म्हणावे, याची दोन-तीन नावे सुचविली. त्यांतले 'पॉडकास्टिंग' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. ॲपल कंपनीच्या आयपॉड या यंत्रातला 'पॉड' आणि प्रसारणवाचक इंग्रजी शब्दातला 'कास्ट' यांचा हा समास. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि हा प्रकार हौशी मंडळींच्या वर्तुळाबाहेर पडला.

याची चाल अगदी साधी आहे. कर्ता आपले ध्वनिमुद्रण इंटरनेटवरील भाड्याच्या जागेत ठेवतो. ती जागा सर्व भागांची एक यादी तयार करते. तिलाच फीड म्हणतात. श्रोत्याच्या फोनवरील ॲप ती यादी वेळोवेळी वाचते आणि नवा भाग दिसला की श्रोत्यापुढे आणून ठेवते. वर्तमानपत्राची वर्गणी भरलेल्या घरी पोऱ्या सकाळी अंक टाकून जातो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे वर्गणी बहुधा फुकट असते आणि ती घेणाऱ्याचे नावगाव कर्त्याला कळत नाही.

या घडणीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. दारावर कोणी द्वारपाल नसल्याने कोणालाही आत येता येते, ही पहिली. दुसरी अशी, की द्वारपाल नाही तसा दवंडी पिटणाराही कोणी नाही. आकाशवाणीचे केंद्र लागले की एकामागून एक कार्यक्रम कानावर पडतात. एकासाठी बसलेला श्रोता दुसराही ऐकून जातो. पॉडकास्टच्या बाबतीत असे घडत नाही. श्रोता मुद्दाम शोधून, मुद्दाम निवडून येतो. म्हणून तो एकदा आला की मनापासून ऐकतो. पण यावयास फार वेळ लावतो.

आकड्यांचा अर्थ

कर्त्याला रोज दिसणारा आकडा डाउनलोडचा असतो, आणि त्याच्या सुखदुःखाचे मूळही पुष्कळदा तेच असते. डाउनलोड म्हणजे श्रोता नव्हे. प्रचलित मोजणीत साधारण एका मिनिटाएवढा भाग उतरवून घेतला, की एक डाउनलोड धरतात, आणि त्याच फोनवरून चोवीस तासांत तोच भाग पुन्हा मागितला तर तो दुसऱ्यांदा मोजीत नाहीत. पण उतरवून घेतलेला भाग कोणी ऐकला की तो तसाच पडून राहिला, हे या आकड्यावरून समजत नाही. २०२३ सालच्या सप्टेंबरात आयफोनच्या नव्या आवृत्तीने जुने भाग आपोआप उतरवून घेण्याची रीत बदलली, तेव्हा अनेक कार्यक्रमांचे आकडे एकदम खाली आले. श्रोते तेवढेच होते. यंत्राने न ऐकले जाणारे भाग साठविणे तेवढे कमी केले.

याहून उपयोगी माहिती दुसरीकडे मिळते. ॲपल आणि स्पॉटिफाय हे दोघेही कर्त्याला, त्यांच्या ॲपवर ऐकणाऱ्यांनी एखादा भाग कुठवर ऐकला, हे दाखवितात. पहिल्या दोन मिनिटांत निम्मे लोक उठून गेले असतील, तर दोष प्रसिद्धीचा नसून सुरुवातीचा आहे. शेवटपर्यंत बहुतेक लोक बसून असतील, तर त्यांची संख्या चाळीस असली तरी कार्यक्रमाचा पाया पक्का आहे. आणि चाळीस ही संख्याही लहान म्हणून सोडून देऊ नये. नगर वाचनालयाच्या सभागृहात एखाद्या रूक्ष विषयावरील व्याख्यानाला दर आठवड्याला शंभर माणसे जमू लागली, तर कार्यवाह खुर्च्या आणावयास धावतील. तेच शंभर श्रोते पॉडकास्टच्या पडद्यावर दिसले, तर कर्ता कपाळाला हात लावतो. कारण सभागृहातली माणसे डोळ्यांना दिसतात आणि पडद्यावर नुसता आकडा दिसतो.

वाढ कशी होते याचे एक लहानसे गणित मांडून पाहू. शंभर श्रोते आहेत. वर्षभरात त्यांच्यातील दर दोघांमागे एक नवा श्रोता येतो आणि दर पाचांतला एक गळतो, असे धरा. पहिल्या वर्षअखेर १३०, दुसऱ्या वर्षी १६९ आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी सुमारे ३७० श्रोते होतील. आता येणाऱ्यांचे प्रमाण तेच ठेवा, पण पाचांतला एक गळण्याऐवजी दोघांतला एक गळतो असे माना. पन्नास आले, पन्नास गेले; पाच वर्षांनीही शंभरचे शंभरच. फुटक्या घागरीत पाणी भरण्याचा हा उद्योग होय. जाहिरातीवर पैसे खर्चून अनोळखी माणसे आणावयाची आणि त्यांना राहण्यासारखे काही द्यावयाचे नाही, हे अनेकांच्या निराशेचे खरे कारण आहे. आधी गळती थांबवावी, मग भर घालावी.

तीन उदाहरणे

ज्यांचे श्रोते खरोखर वाढले, त्यांनी काय केले ते पाहू. माइक डंकन या अमेरिकन गृहस्थांनी जुलै २००७ मध्ये 'द हिस्टरी ऑफ रोम' हा पॉडकास्ट सुरू केला. ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. रोमचा इतिहास अगदी आरंभापासून पश्चिमेकडील साम्राज्याच्या अंतापर्यंत ओळीने सांगावयाचा, असे त्यांनी ठरविले आणि १७९ भागांनंतर मे २०१२ मध्ये ते काम पुरे केले. सुरुवातीच्या भागांचा ध्वनी साधाच आहे. पण श्रोत्याला ठाऊक होते, की हा माणूस ठरल्याप्रमाणे येईल आणि मागच्या वेळी गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे नेईल. आमच्याकडे हरिदासाच्या चातुर्मासातील निरूपणाला तेच लोक रोज येऊन बसत, त्याचे कारण हेच.

दुसरे उदाहरण 'वेलकम टु नाइट व्हेल' या पॉडकास्टचे. वाळवंटातल्या एका काल्पनिक गावाचे नभोवाणी केंद्र आणि तिथल्या चमत्कारिक बातम्या, असे त्याचे स्वरूप. जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर यांनी तो जून २०१२ मध्ये सुरू केला आणि महिन्याच्या १ व १५ तारखेस नवा भाग, हा नेम ठेवला. पहिले वर्ष गाजावाजा न होता गेले. मग २०१३ च्या उन्हाळ्यात तरुण श्रोते त्यातल्या पात्रांची चित्रे काढू लागले, त्यांच्यावर गोष्टी लिहू लागले, ती एकमेकांना दाखवू लागले. आणि जुलैमध्ये तो आयट्यून्सच्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसला. ही प्रसिद्धी विकत घेतलेली नव्हती. पण ती आली तेव्हा वर्षभराचे भाग तयार होते, हे विसरू नये. नवा माणूस आला आणि घरात बसावयास पाटच नाही, अशी अवस्था नव्हती.

तिसरे उदाहरण रोमन मार्स यांचे. वास्तुरचनेवरील 'नाइंटीनाइन पर्सेंट इन्व्हिजिबल' हा चार-पाच मिनिटांचा कार्यक्रम त्यांनी २०१० साली सुरू केला. २०१२ मध्ये त्यांनी श्रोत्यांपुढे झोळी पसरली, तेव्हा १ लाख ७० हजार डॉलरांहून अधिक रक्कम जमली. पुढे २०१४ साली त्यांनी पी.आर.एक्स. या संस्थेसह 'रेडिओटोपिया' हा स्वतंत्र कार्यक्रमांचा संघ उभारला. संघातला प्रत्येक कर्ता आपल्या श्रोत्यांना दुसऱ्याच्या कार्यक्रमाची ओळख करून देऊ लागला. मार्स यांचा कार्यक्रम २०२१ साली एका मोठ्या कंपनीने विकत घेतला. पण तोवरची अकरा वर्षे श्रोते आणि सोबती यांच्या बळावर निघाली.

करावयाची कामे

या उदाहरणांवरून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली गोष्ट विषयाची. 'सर्वांसाठी सर्व काही' असा कार्यक्रम मोठ्या संस्थांना परवडतो, एकट्यादुकट्याला नाही. आपल्या तालुक्यातल्या विहिरी, जुनी नाट्यगृहे, मधुमेही माणसाचे रोजचे जेवण, कोकणातली भातशेती, असा एक विषय घ्यावा आणि त्याचा एक श्रोता डोळ्यांपुढे आणावा. तो कोण आहे, किती शिकलेला आहे, केव्हा ऐकतो, स्वयंपाक करताना की एस.टी.च्या प्रवासात, याचे उत्तर मिळाले की भाग किती लांब असावा आणि भाषा कशी असावी हे आपोआप ठरते. मुंबईचे अमित वर्मा यांच्या 'द सीन अँड द अनसीन' या इंग्रजी कार्यक्रमाचे भाग २०१७ साली आटोपशीर असत. पुढे त्यांच्या मुलाखती कित्येक तासांच्या झाल्या आणि तरीही श्रोते टिकले. लांबी आखूड असावी हा नियम नाही. ती त्या श्रोत्याला पेलणारी असावी, हा नियम आहे.

दुसरी गोष्ट नेमाची. आठवड्याला एक भाग झेपत नसेल तर महिन्याला एक करावा, पण सांगितलेला दिवस चुकवू नये. सुरू करण्यापूर्वी तीन-चार भाग हाताशी ठेवले, म्हणजे आजारपणात किंवा लग्नसराईत खंड पडत नाही. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' बुधवारी रात्री आठला लागे, आणि बुधवार म्हणजे गीतमाला असे समीकरण घराघरांत होऊन बसले होते.

तिसरी गोष्ट नावाची. पुष्कळ कर्ते आपल्या भागाला 'भाग १७' एवढेच नाव देतात. शोधणाऱ्या माणसाला त्यातून काय कळावे? 'उन्हाळ्यात विहीर आटते कशी?' असे नाव दिले, तर ज्याची विहीर आटली आहे तो थांबेल. सोबत पाच-सहा ओळींचा सारांश द्यावा, आणि शक्य तर संपूर्ण संहिता लिहून ठेवावी. शोधयंत्रे अजूनही प्रामुख्याने लिहिलेल्या शब्दांवर चालतात. शिवाय ज्यांना ऐकू येत नाही त्यांचीही सोय होते.

चौथी गोष्ट आरंभाची आणि आवाजाची. पहिल्या मिनिटात लांबलचक संगीत, स्वागत आणि आभार यांचा पसारा नसावा. आज काय सांगणार आणि ते का ऐकावे, एवढे सांगून विषयाला हात घालावा. ध्वनिमुद्रणासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. घुमणारी रिकामी खोली टाळावी, गाद्या-रजया ठेवलेल्या लहान खोलीत बसावे, ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा. ओबडधोबड वाक्य श्रोता सोसतो. न कळणारा आवाज सोसत नाही, कारण तो कानात घालूनच ऐकत असतो.

पाचवी गोष्ट शेजारधर्माची. पॉडकास्ट ऐकण्याची सवय असलेला माणूस दुसऱ्या पॉडकास्टच्या श्रोत्यांतच सापडतो. म्हणून आपल्याशी मिळत्याजुळत्या विषयाच्या कर्त्याकडे पाहुणा म्हणून जावे आणि त्याला आपल्याकडे बोलवावे. आपल्या मराठी मुलुखात आणखी एक काम करावे लागते. अनेक सुशिक्षित माणसांना फोनवर पॉडकास्ट कोठे असतो, हेच ठाऊक नसते. ती यूट्यूब आणि व्हॉट्सॲप ओळखतात. त्यांच्यासाठी भाग तिथेही ठेवावा, आणि भेटीत स्वतः त्यांच्या फोनवर 'फॉलो'ची कळ दाबून दाखवावी. असा एकेक श्रोता मिळविणे कमीपणाचे वाटू देऊ नये.

आपला पत्ता, आपले श्रोते

येथे एक धोका सांगितला पाहिजे. २०१८ साली निघालेले गूगल पॉडकास्ट्स हे ॲप २०२४ मध्ये त्या कंपनीने बंद केले. स्टिचर नावाचे जुने ॲप २०२३ च्या ऑगस्टमध्ये बंद झाले. ज्यांचे फीड स्वतःच्या ताब्यात होते, त्यांचे श्रोते दुसऱ्या ॲपवर जाऊन तेच फीड लावू शकले. ज्यांनी सर्व बिऱ्हाड एकाच कंपनीच्या वाड्यात थाटलेले असते, त्यांना मालक सांगेल त्या दिवशी उठावे लागते, आणि जुने शेजारी कोठे गेले हेही कळत नाही. म्हणून फीडचा पत्ता आपल्या हाती असावा आणि श्रोत्यांशी एक सरळ वाट असावी: ई-मेलची यादी, पत्राचा पत्ता, वर्षातून एखादे संमेलन. पत्र आले तर उत्तर द्यावे, आणि चांगले पत्र कार्यक्रमात वाचावे. आपले ऐकणारा कोणी आहे हे कर्त्याला आणि आपले कोणी ऐकून घेतो हे श्रोत्याला, एकाच वेळी कळते.

पैशाचा प्रश्नही येथेच सुटतो. जाहिरातीचा दर दर हजार श्रवणांमागे ठरतो, त्यामुळे तीनशे श्रोत्यांच्या कार्यक्रमाला त्यातून चहापाण्याचा खर्चही निघणे कठीण. पण त्याच तीनशेंपैकी तीस जणांनी महिन्याला शंभर रुपये दिले, तर तीन हजार होतात. लहान कार्यक्रमाचे जागेचे भाडे आणि एखादा प्रवास त्यात भागतो. शिवाय जाहिरातदाराला हजारांची गर्दी हवी असते, म्हणून तो विषय सोपा करा, खमंग करा, भांडण लावा, असे सुचवू लागतो. वर्गणीदार तसे सुचवीत नाही. तो मूळ विषयासाठीच आलेला असतो. स्वतंत्र कार्यक्रमाचे स्वातंत्र्य कर्त्याच्या मनोधैर्यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच या तीस माणसांवर असते.

यात मराठीचा प्रश्नही गुंतलेला आहे. गावाच्या नदीचा इतिहास, एखाद्या जातीच्या ज्वारीची कथा, मालवणी किंवा अहिराणी बोलीतला वृद्धाचा आवाज, असे विषय बाजाराच्या हिशेबात बसत नाहीत. ते सांगितले गेले तर असा एखादा स्वतंत्र कर्ताच सांगेल. तो तिसऱ्या महिन्यात निराश होऊन थांबला, तर तो वृद्ध दुसऱ्या कोणाला गाठेपर्यंत राहीलच असे नाही.

म्हणून शेवटी दोन शब्द ऐकणाऱ्यांना सांगितले पाहिजेत. कारण या व्याख्यानमालेचे वाचक मुळात श्रोते आहेत. व्याख्यान आवडले तर आपण टाळ्या वाजवितो आणि वक्त्याला ते तिथेच कळते. पॉडकास्टच्या कर्त्याला टाळी ऐकू येत नाही. त्याला चार ओळी लिहून कळवावे, चुकले असेल तर तेही कळवावे. एखादा भाग आवडला तर पन्नास जणांच्या गटात नुसता ढकलून न देता, ज्याला तो खरोखर उपयोगी पडेल अशा एका माणसाला फोन करून ऐकावयास सांगावा. जमेल त्याने वर्गणी द्यावी. वर मांडलेल्या गणितात दोन श्रोत्यांमागे वर्षाला एक नवा श्रोता धरला आहे; म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन वर्षांत एक माणूस येतो. एवढे काम कोणालाही जड नाही.